पळस फुलला, प्रॅक्टिकल आलं: हर्बेरियम, जर्नल आणि फाल्गुनातली बाकीची कामं

उन्हाळकांदा

बी.एस्सी. दुसरं वर्ष, चौथं सेमिस्टर, बॉटनी-केमिस्ट्री-झूलॉजी. गाव आर्णी तालुक्यात, कॉलेजला रोज एसटीने जाणं-येणं. बॉटनीचं प्रॅक्टिकल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लागेल असं डिपार्टमेंटमध्ये सांगितलंय आणि त्यात १० हर्बेरियम शीट (दाबून वाळवलेली झाडं चिकटवलेले जाड कागद) जमा करायच्या आहेत. शिवारात पळस आणि काटेसावर भरात आहेत, आंब्याला मोहर आहे, हरभरा सोंगणीला आलाय. नमुने दाबायचा प्रेस नाही. ब्लॉटिंग पेपर जवळपास कुठे मिळत नाही.

विचारायचं ते असं: घरच्या सामानात प्रेस कसा करायचा? पळसाचं फूल दाबलं की काळं पडतं, त्याला उपाय काय? आणि केमिस्ट्रीचं जर्नल, एसटीचा पास, स्कॉलरशिपचे कागद हे सगळं याच महिन्यात कोणत्या क्रमाने उरकायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं, बाकीच्या पोरापोरींच्याही कामी येईल.

रानमेथी

ताई, पळसापासून सुरुवात करू नका. पळस, सावर, मोह ही मांसल फुलं आहेत, हात बसल्याशिवाय ती नीट वाळत नाहीत. पहिल्या सहा-सात शीट गव्हा-हरभऱ्याच्या धुऱ्यावरच मिळतील: चाकवत (चिनोपोडियम आल्बम), पिवळा धोतरा (आर्जेमोन मेक्सिकाना), रानमेथी (मेलिलोटस), गाजरगवत, खुद्द हरभरा, आंब्याचा मोहर. ही पानं पातळ, आठवड्याभरात वाळतात. पहिली खेप दाबून झाली की मग पळसाकडे वळा. होळीपर्यंत फुलं असतात, पण झाड एकदम झडतं, तेव्हा फार ताणू नका.

प्रेससाठी प्लायचे दोन तुकडे, ४५ × ३० सेंटिमीटर, १२ मिलिमीटर जाडीचे. सुताराकडून दोन्हींना इंच-दीड इंचावर भोकं पाडून घ्या, हवा खेळली पाहिजे. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या उत्तम. सुतळी सैल पडते, ट्यूब वाळणाऱ्या गठ्ठ्याबरोबर आपोआप आवळत जाते. ब्लॉटिंग पेपरची जागा वर्तमानपत्र घेतं, फक्त गुळगुळीत रंगीत पुरवणी नको, ती पाणी शोषत नाही. किराणा दुकानातला नालीदार पुठ्ठ्याचा खोका कापून त्याच मापाचे सात-आठ तुकडे करा. पुठ्ठ्याच्या नळ्या गठ्ठ्याच्या आखूड बाजूने जाऊ द्या, म्हणजे ओल बाहेर पडायला वाट जवळची होते.

थर असा लावा: प्लाय, पुठ्ठा, तीन कागद, मधे घडी घातलेला एक कागद आणि त्यात नमुना, वर पुन्हा तीन कागद, मग पुठ्ठा. याच क्रमाने पुढचे नमुने चढवत जायचे. नमुना ज्या घडीत आहे ती घडी शेवटपर्यंत उघडायची नाही, बदलायचे ते फक्त आजूबाजूचे तीन-तीन कागद. बहुतेक पोरं रोज नमुनाच उचलून नव्या कागदावर ठेवतात आणि पाकळ्या तिथेच तुटतात.

अपवाद एकच, पहिला दिवस. २४ तासांनी घडी उघडा. तेव्हा नमुना लुळा पडलेला असतो, पानं हवी तशी वळतात. एक-दोन पानं उलटी करा, खालची बाजू दिसलीच पाहिजे. झाड लांब असेल तर इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखं मोडून बसवा. तिसऱ्या दिवशी हे करायला जाल तर पान तुटेल.

पहिले चार दिवस कागद रोज बदला, पुढे दिवसाआड. काढलेले कागद उन्हात टाकले की दुपारपर्यंत परत वापरता येतात. वजन १५ ते २० किलो हवं. सहा विटा किंवा पाटा चालतो. गठ्ठा सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. टिनाच्या छपराखाली मार्चमध्ये पानं कुरकुरीत होऊन तुटतात, आणि स्वयंपाकघरात वाफेने बुरशी धरते.

वाळलं की नाही हे गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत ओल आहे.

रानमेथी

पळसाचं वेगळं लिहिते.

काळं पडण्याचं कारण हळू वाळणं. पाकळी लवकर मरत नाही, तोवर पेशीतली विकरं (एन्झाइम) आतल्या फिनॉलवर काम करत राहतात आणि रंग तपकिरी होतो. म्हणून पळसाचे कागद पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बदलायचे. फूल तोडल्यापासून तास-दोन तासांत दाबायचं. निदलपुंज (पाकळ्यांच्या बुडाशी असलेलं आवरण) मुळातच मखमली काळपट-हिरवा असतो, तो काळा दिसला म्हणून घाबरायचं नाही.

दुसरी अडचण दाबाची. फांदी बोटाएवढी जाड, पाकळी कागदासारखी, त्यामुळे सगळा दाब फांदीच खाते आणि पाकळ्या सुरकुततात. फांदीची मागची बाजू धारदार चाकूने उभी तासून अर्धी करा. फुलांच्या आजूबाजूला वर्तमानपत्राच्या पट्ट्या घडी करून फांदीच्या उंचीपर्यंत ठेवा. मंजिरी दाट असेल तर मागची फुलं काढून टाका, पण देठ राहू द्या, म्हणजे फुलं काढलेली आहेत हे कळतं. एक फूल उभं चिरून बाजूला पसरा. स्टँडर्ड (मोठी पाकळी), दोन विंग (बाजूच्या पाकळ्या) आणि कील (जुळलेल्या दोन पाकळ्या) सुटे दिसले तर परीक्षकाला विचारायला काही उरत नाही.

आणि पानं! फुलताना पळस निष्पर्ण असतो, त्यामुळे निम्म्या शीटवर नुसती फुलं असतात आणि मार्क जातात. झाडाच्या बुडाशी फुटवे असतील तर त्यांचं पान घ्या, किंवा त्याच झाडावर उरलेलं जुनं पान. नुसत्या फुलांची शीट अपुरीच धरली जाते. पान दुसऱ्या दिवशी काढलं असेल तर लेबलवर दोन्ही तारखा लिहा. पळसाला पानं तीनच हे खरं, पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तसं म्हणू नका. पान एकच, पर्णिका तीन.

फ्लोरल फॉर्म्युला पाठ हवाच: के (५), सी १+२+(२), ए (९)+१, जी १. के म्हणजे निदलं, सी पाकळ्या, ए पुंकेसर, जी स्त्रीकेसर; कंसातले जुळलेले. नऊ पुंकेसर जुळलेले आणि एक सुटा, म्हणजे डायडेल्फस. प्लॅसेंटेशन (अंडाशयातली बीजांडांची मांडणी) मार्जिनल, म्हणजे कडेला. हे फूल उघडून बघितलेलं असेल तर विसरत नाही.

खुरपं

ताई, धुऱ्यावर जाजो तं पुऱ्या बाह्यांचा शर्ट घालून जाजो. या दिवसांत कुपाटीवर खाजकुहिलीच्या शेंगा वाळलेल्या असतात, वाऱ्यानंही तिची कूस उडते. लागली तं पाण्यानं चोळू नको, आणखी पसरते. चिकटपट्टी लावून ओढून घे, मग साबण.

रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नको. गेला तं भरपूर पाण्यानं धू अन् थेट दवाखाना, घरचे उपाय नाही. बिब्याची फांदी तं हर्बेरियमले घेऊच नको, तेल लागलं का फोड येतात अन् कागदातूनही उतरतं. गाजरगवत हातमोजे घालून. ज्याले त्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या चेहऱ्यावर पुरळ उठतं, तेवढ्यासाठी एक शीट गेली तं गेली.

हरभरा सकाळी दहा-अकरानंतर काढजो. पहाटे त्याच्यावर आंब असते, ती कागदाले लागली का डाग पडतो अन् पानं चिकटतात. त्या आंबेत मॅलिक अन् ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असते, व्हायवाले विचारतात. गाठीसकट मूळ घेजो, माती पाण्यात हलवून काढजो, ओढजो नको. गाठी गळल्या तं हरभऱ्याच्या शीटमध्ये दाखवाले काय राहिलं?

सावरीची फांदी आकडीनं काढजो, झाडावर चढू नको, बुंध्याले काटे असतात. खाली पडलेलं फूल डिसेक्शनले चालते, शीटले नाही.

लगोरी

एवढा कुटाणा कशाला? नमुना वाळला की लॅमिनेट करून टाकायचा. झेरॉक्सच्या दुकानात होतं. चकचकीत दिसतं, तुटत नाही.

रानमेथी

नको. लॅमिनेशनच्या रोलरमध्ये जाड देठ चेपतो, उरलेली ओल आतच कोंडते आणि महिन्याभरात आतून बुरशी येते. शिवाय हर्बेरियमचा नमुना नंतर कोणाला तरी भिंगाखाली बघता यायला हवा, फूल भिजवून उघडता यायला हवं. प्लॅस्टिकमध्ये गेलं की ते चित्र झालं. बरेच विभाग अशी शीट परत देतात. सेलोटेपही तसाच, वर्षात पिवळा पडून सुटतो.

चिकटवायला फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून पातळ करा आणि ब्रशने नमुन्याच्या मागे लावा, शीटला नाही. जाड फांदी पांढऱ्या दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी टाचा, गाठ मागे. पानांच्या देठांवर कागदाच्या बारीक पट्ट्या लावल्या तरी चालतं.

शीटचं माप साधारण ४२ × २९ सेंटिमीटर असतं. ए-थ्री कार्डशीट घेतली की कापाकापी वाचते. जाड घ्या, पातळ कागद उचलताना वाकतो आणि नमुना उडतो.

उन्हाळकांदा

खूप आभार. आणखी तीन अडचणी आहेत. आंब्याच्या मोहराची फुलं कागदातच गळून पडतात. काटेसावरीचं फूल इतकं जाड की प्रेस बंदच होत नाही. आणि लेबलमध्ये नक्की काय काय लिहायचं, प्रत्येक सर वेगळं सांगतात.

रानमेथी

मोहर गळतो कारण फांदी दाबल्यावरही काही काळ जिवंत असते आणि देठाशी गळण्याचा थर तयार करते. चिंच, बाभूळ यांच्या पर्णिका त्याच कारणाने झडतात. उकळत्या पाण्यात फांदी काही सेकंद बुडवा, फडक्याने टिपा आणि लगेच दाबा. पेशी मेल्या की गळणं थांबतं. तरीही काही फुलं सुटतील, ती टाकू नका. कागदाचं छोटं पाकीट करून त्यात भरा आणि ते शीटच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवा. मोहराला कळ्यांची टोकं आणि उमललेली फुलं दोन्ही घ्या. आंब्याच्या फुलात सुपीक पुंकेसर बहुधा एकच असतो, बाकीचे खुरटलेले, आणि एकाच मोहरात नर फुलं व द्विलिंगी फुलं दोन्ही सापडतात. भिंगाखाली दाखवता आलं तर उत्तमच.

काटेसावर (बॉम्बॅक्स सीबा) अख्खी दाबायची नाही. एक फूल देठापासून उभं दोन भागांत कापा. एक अर्धं कापलेली बाजू वर करून दाबा, म्हणजे पुंकेसरांचे झुबके आणि अंडाशय दिसतात. निदलपुंजाचा आतला गर चमच्याने खरवडून टाका, ओल तिथेच सगळ्यात जास्त असते. पाकळ्या दोन-तीन सुट्या दाबा. कागद पहिले तीन दिवस दिवसातून दोनदा बदला आणि दोन आठवडे धरून चाला. उरलेलं अर्धं फूल बाटलीत ठेवा. कूळ लिहिताना घोळ होतो: जुन्या पुस्तकात बॉम्बॅकेसी, आताच्या एपीजी (डीएनएवर आधारलेल्या) वर्गीकरणात माल्व्हेसी. तुमच्या सिलॅबसमध्ये जी पद्धत आहे ती लिहा आणि दुसरी तोंडपाठ ठेवा.

लेबल उजव्या खालच्या कोपऱ्यात, साधारण १२ × ८ सेंटिमीटर. त्यात शास्त्रीय नाव (लेखकाच्या, म्हणजे ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या, संक्षेपासह), कूळ, स्थानिक नाव, गाव-तालुका-जिल्हा, जागा (धुरा, नाल्याचा काठ, पडीक), तारीख, झाडाची उंची, फुलाचा ताजा रंग, गोळा करणाऱ्याचं नाव आणि संग्रह क्रमांक. फुलाचा रंग वाळल्यावर राहत नाही, म्हणून तो शेतातच वहीत टिपायचा. पळसाची शीट महिन्याने बघाल तर केशरीचा मागमूस नसतो. शास्त्रीय नाव हाताने लिहिताना प्रजाती आणि जाती या दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. लेखकाच्या नावाखाली रेघ नाही.

तारीख खरी लिहा. बहाव्याच्या शीटवर फेब्रुवारी दिसली की परीक्षक समजतो, बहावा तेव्हा फुलत नाही.

तिफन

ओळख पटवण्याबद्दल एक. ग्रंथालयात थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा सापडतो (१९०१ ते १९०८) आणि पोरं तोच संदर्भ म्हणून लिहून देतात. तेव्हा आपला भाग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, त्या पुस्तकाच्या हद्दीबाहेर. झाडं बरीचशी सारखी असली तरी 'वितरण' म्हणून कुकचा हवाला यवतमाळला लागू होत नाही. बोटॅनिकल सर्व्हेने राज्याचा फ्लोरा काढला आहे, विभागाच्या कपाटात असतो, तो मागा.

आणि कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइडचं द्रावण लावा असं जुन्या जर्नलमध्ये छापलेलं असतं. ते घरी अजिबात करू नका. पारा आहे, कातडीतूनही जातो. तुमची शीट दोन महिने टिकायची आहे, डांबराच्या गोळ्या पुरेत. त्यांनी कीड मरत नाही, दूर राहते एवढंच. म्हणून आधी नमुना पुरता वाळवा.

धान_पट्टा

आमच्या पूर्वेकडच्या पोरांसाठी, म्हणजे गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर. इकडे चारोळी फुलायला लागते, सोनसावर पिवळीधमक असते, मोह मार्चच्या शेवटाकडे. मोहाचा दलपुंज (पाकळ्या) दाबायच्या भानगडीत पडू नका. तो साखरेने भरलेला असतो, कागदात आंबतो, मुंग्या लागतात. शीटवर पानांचा झुबका आणि कळ्या घ्या, पूर्ण फुलं एफएएमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) ठेवा.

एफएए १०० मिलिलिटर करायचं तर ७० टक्के अल्कोहोल ९० मिलि, ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ५ मिलि, फॉर्मलिन ५ मिलि. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, खिडकी उघडी ठेवून. घरी ग्लासात घालून ठेवू नका, लहान पोरं पाणी समजून पितात. रुंद तोंडाची काचेची बाटली, झाकण घट्ट, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आठवड्याने कोरी चिठ्ठी उरते.

मोहाची पानं तोडली की पांढरा चीक येतो, तो टिपून मगच दाबा. कूळ सॅपोटेसी, चिकूचं.

जंगलाचं स्पष्ट सांगतो. अभयारण्यात, व्याघ्र प्रकल्पात एक पानही तोडायचं नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच, बोर, मेळघाट सगळीकडे तोच नियम. बफरमधल्या गावांनी वनरक्षकाला विचारून जावं. आणि मोहफुलं वेचायच्या वेळेला, पहाटे, वाकून एकट्याने कुठेही शिरू नका. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. ऊन वर आल्यावर, तिघं-चौघं, बोलत, रस्त्याच्या कडेने. शीटसाठी लागतं ते सगळं रस्त्याच्या कडेला मिळतं.

या दिवसांत मोहाखाली पालापाचोळा जाळतात. धूर दिसला तर त्याच्यापासून लांब, बाहेर पडा. नमुना उद्याही मिळेल.

चिमूर_लाइन

दादा, पळसाच्या फुलाचा होळीचा रंग करतात तो एफएएतल्या उरलेल्या फुलांचा होईल का?

धान_पट्टा

नाही, ती फुलं फेकायचीच. रंगाला झाडाखालची ताजी गळलेली फुलं सावलीत वाळवा, रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी उकळा आणि गाळा. चिमूटभर खायचा चुना घातला की रंग गडद होतो. चुना जास्त झाला तर डोळ्याला झोंबतो.

निळा_लिटमस

केमिस्ट्रीचं. जर्नल आधी पुरं करा, हर्बेरियम कागदात वाळत असतंच, त्याला तुमची गरज दिवसातून दहा मिनिटं. सर्टिफाइड जर्नलशिवाय बहुतेक ठिकाणी प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. आणि विभागप्रमुखांची सही शेवटच्या दोन दिवसांत मिळत नाही, तेव्हा रांग लागते. आधी प्रत्येक प्रयोगावर शिकवणाऱ्या सरांची सही, मग अनुक्रमणिकेत पान क्रमांक आणि तारीख, मग सर्टिफिकेटच्या पानावर परीक्षा क्रमांक. या क्रमाने गेलात तर दोन फेऱ्यांत काम होतं. राहिलेला प्रयोग असेल तर तो आत्ताच मागून घ्या. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू झाली की त्याच इमारतीत सेंटर असतं, लॅबच्या वेळा बदलतात आणि परिचर बंदोबस्तात अडकतात.

गावाकडच्या लॅबमध्ये हमखास होणारी एक चूक सांगतो. सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये सगळ्यांना क्लोराइड सापडतं! कारण परीक्षानळी बोअरच्या पाण्याने धुतलेली असते. बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतंच. सिल्व्हर नायट्रेट घातलं की पांढुरकं होणारच. नळी शेवटी डिस्टिल्ड वॉटरने दोनदा विसळा. शंका असेल तर कोरी चाचणी घ्या: दुसऱ्या नळीत नुसतं तेच पाणी, पातळ नायट्रिक अ‍ॅसिड आणि सिल्व्हर नायट्रेट. तीही पांढुरकी झाली तर तुमचं क्लोराइड पाण्यातलं. दह्यासारखा दाट साका आणि नुसती धूसर ढवळ यातला फरक बघायला शिका. साका अमोनियात विरघळतो हे करूनच दाखवा.

परमँगनेटच्या टायट्रेशनला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ६० ते ७० अंश तापवायचं. थर्मामीटर नसेल तर फ्लास्कला हात जेमतेम लावून ठेवता येईल इतकं. पहिले थेंब सावकाश. सुरुवातीचा गुलाबी रंग जायला वेळ लागतो, मग मँगनीजचे आयन तयार झाले की वेग आपोआप वाढतो. तपकिरी गढूळ झालं तर सल्फ्युरिक अ‍ॅसिड कमी पडलंय किंवा द्रावण थंड झालंय, ते फेकून नवं घ्या. हायड्रोक्लोरिक वापरायचं नाही, परमँगनेट त्यालाच खातं. द्रावण गडद असल्याने ब्युरेटमध्ये वरची कड वाचायची. तीन वाचनं ०.१ मिलिच्या आत जुळली पाहिजेत, पण तीनही १०.० लिहून आणलीत तर परीक्षक हसून पुढच्याकडे जातो.

चौकशी_खिडकी

पास आणि कागद.

एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे आपल्याला तिसरा हिस्सा. मुलींना मोफत पास बारावीपर्यंतच आहे, सिनिअर कॉलेजला नाही. पण १७ मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्या एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि इथे मार्चमध्ये हिशेब बदलतो. नियमित तासांच्या महिन्यात पासच स्वस्त. प्रॅक्टिकलच्या महिन्यात मात्र कधी कधी आठ-नऊच दिवस जावं लागतं. पासाच्या रकमेला रोजच्या जाण्या-येण्याच्या अर्ध्या तिकिटाने भागा. जेवढे दिवस येतील त्याहून कमी दिवस जायचं असेल तर त्या महिन्यात पास काढू नका. मुलांना हा पर्याय नाही, पण त्यांनीही पास महिन्याच्या एक तारखेला काढायचा हट्ट सोडावा. प्रॅक्टिकलचं वेळापत्रक लागलं की त्या तारखेपासून काढा.

पासासाठी बोनाफाइड लागतं, आणि ते ऑफिसात एका दिवसात मिळेल असं धरू नका. बोनाफाइडवर गाव आणि कॉलेजमधला थांबा ज्या नावाने एसटीच्या भाडेपत्रकात आहे त्याच नावाने लिहून घ्या. फाट्याचं नाव एक आणि गावाचं दुसरं असेल तर खिडकीवरून परत पाठवतात.

उत्पन्नाचा एक वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. आत्ता चालू वर्षाच्या अर्जाला कमी पडत असेल तरच काढा. पुढच्या प्रवेशासाठी हवा असेल तर एप्रिल लागू द्या, नाहीतर दोनदा पैसे आणि दोनदा तहसीलची चक्कर. नॉन-क्रिमीलेअरची मुदतही दाखल्यावर वाचून घ्या, तीही ३१ मार्चलाच संपते.

स्कॉलरशिपचे, म्हणजे महाडीबीटीचे, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे. घरात कोणी दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडून तुमचं आधार दिलं असेल तर जोडणी तिकडे सरकते. माय-आधारच्या पोर्टलवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये कोणती बँक दिसते ते पाहा. खात्यात दोन वर्षं देवघेव नसेल तर ते निष्क्रिय होतं, मग पैसे अडकू शकतात. केवायसी करून शंभर रुपये भरा आणि काढा.

एबीसी आयडी (श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक) नसेल तर तोही डिजिलॉकरमधून काढून ठेवा. १२ अंकी असतो. आधारवरचं नाव आणि दहावीच्या सनदेवरचं नाव जुळलं नाही की अडतो, आणि आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून परीक्षा फॉर्मच्या आदल्या दिवसाची वाट बघू नका.

खुरपं

त्यात एनएसएसचं राहिलं. वर्षाचे १२० तास अन् सात दिवसांचं शिबिर. तासांची वही आत्ताच कार्यक्रम अधिकाऱ्याले दाखव, मार्चमध्ये ते पेपरच्या ड्युटीवर असतात.

अन् रानमेथीताई, गारपिटीचं लिहा नं. दरवर्षी या दिवसांत एखादी झोडप येतेच.

रानमेथी

बरोबर. अवकाळी आली की हवा दमट होते आणि वाळत आलेला नमुनाही ओल धरतो. तेव्हा दिवसाला एकदाऐवजी दोनदा कागद बदला आणि पुठ्ठे जास्त घाला. ऊन नसेल तर कागद तव्यावर हलके शेकून घ्या. नमुन्याला इस्त्री करायची वेळ आली तर वर-खाली चार-चार कागद, इस्त्री सगळ्यात कमी आचेवर, आणि एका जागी मोजून पाच सेकंद. जास्त झालं तर पान भाजून तपकिरी होतं. बुरशीचा पांढरा तंतू दिसला तर कोरड्या ब्रशवर थोडं स्पिरिट घेऊन पुसा आणि तो नमुना बाकीच्यांपासून वेगळा करा. काळे ठिपके आले असतील तर नवा नमुना घ्या, चाकवत कुठे संपत नाही.

उन्हाळकांदा

शेवटचं विचारते. १० शीट एसटीतून न मोडता न्यायच्या कशा? सकाळच्या गाडीला उभं राहावं लागतं.

तिफन

गुंडाळी करायची नाही आणि फाइलमध्ये उभ्या घालायच्या नाहीत, नमुने घसरून खाली जमतात. प्रत्येक शीटवर पातळ कागदाचं आवरण, सगळ्या शीट एकावर एक, वर-खाली तुमच्याच प्रेसचे दोन प्लाय, ट्यूबने हलकं आवळलेलं, आणि ते ओढणीत किंवा पिशवीत बांधायचं. ट्यूब दाबायची नाही, फक्त हलू नये एवढी. उभं राहायची वेळ आली तर चालकामागच्या जाळीला टेकवून आडवं ठेवायला वाहकाला सांगा, बहुतेक ऐकतात. वर सामानाच्या रॅकवर टाकू नका, त्यावर लोक वांग्याचं पोतं ठेवतात. बाटली असेल तर वेगळ्या पिशवीत, हातातच, आणि झाकणाला बाहेरून मेण.

एक दिवस आधीच नेऊन विभागात ठेवता आल्या तर सगळ्यात बरं. लॅब असिस्टंटला विचारा, कपाटाची चावी त्यांच्याकडेच असते.